रविवारी जग थंड पडायचं

माझी धाकटी बहीण वेधशाळेत नोकरीला होती असं सांगितलं की लोक हटकून आभाळाकडे बघतात. त्यांना दुर्बीण दिसते, ग्रह दिसतात. एका शहाणीने तर 'आमच्या मुलाला नोकरी कधी लागेल ते विचारा ना' असंही सुचवलं होतं. धाकटी हवामानाच्या वेधशाळेत होती. शहराबाहेर, जुन्या धावपट्टीच्या कडेला, तारेच्या कुंपणात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी, हे तिचं राज्य. पेटीच्या भिंती झडपांच्या, म्हणजे वारा आत शिरावा आणि ऊन शिरू नये. आत तापमापक. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला जायचं, दार उघडायचं, श्वास रोखून आकडा वाचायचा, दार लावायचं, वहीत लिहायचं.

श्वास रोखायचा, कारण माणूस म्हणजे चालती शेगडी. काचेजवळ तोंड नेऊन नुसता सुस्कारा टाकला तरी पारा हलतो. म्हणून आधी दशांश वाचायचा आणि मग पूर्ण अंश. बिघडतो तो दशांश आधी. नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात तिने मला हे इतक्या कौतुकाने सांगितलं होतं, की जणू पेटी तिच्या सासरची होती.

अठ्ठावीस वर्षं तिने हे काम केलं. त्यातल्या सहा वर्षांबद्दल मला लिहायचं आहे. ती स्वतः लिहिणार नाही, आणि मास्तर आता नाहीत. मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळेच मास्तर म्हणायचे, मीसुद्धा.

सुरुवात कुठून झाली ते मला फार उशिरा कळलं. आमच्या वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. रोज सकाळी आम्ही दोघी आळीपाळीने त्यांना पेपर वाचून दाखवायचो. मी मथळे वाचून पळ काढायचे. धाकटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. ती नऊ वर्षांची असताना कुठल्याशा दूरदेशीच्या पुराची बातमी वाचत होती. वडिलांना घाई होती. ते म्हणाले, "पुरे, मिट आता." तिने मिटला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बुडालेल्यांचा आकडा दुप्पट. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मला न्हाणीघरात ओढून नेऊन म्हणाली, "ताई, मी अर्ध्यावर सोडलं म्हणून झालं."

मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणजे सर्वज्ञ. मी म्हणाले, "तू कोण लागून गेलीस ग, नदीने तुला विचारून वाढायला?"

माझ्या मते प्रश्न निकालात निघाला. त्या दिवसापासून तिने एकही वाईट बातमी अर्धी सोडली नाही, हे माझ्या गावीही नव्हतं.

तशी ती हुशार, हसरी, कामाला वाघ. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकून दूर गेली. हातपाय धुणं जरा जास्त, कुलूप ओढून बघणं जरा जास्त. आम्ही त्याला 'टापटीप' म्हणायचो. घराला घर म्हणून एखादा झक्कीपणा लागतोच. आमच्या आईला उंबऱ्यात चप्पल उलटी पडलेली चालत नसे.

तिच्या पंचेचाळिशीनंतर मात्र पेपरात रोज तेच यायला लागलं. आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष. मग पुढचं, त्याहून उष्ण. बर्फ वितळतोय, जंगलं पेटताहेत. मी वाचायचे, च्‌च्‌ करायचे, आणि चहा गाळायला उठायचे. मला काळजी नव्हती असं नाही. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पुढे मुख्याध्यापिका झाले. चढता आलेख मला कळतो. पण माझी काळजी माझ्यामागून चालायची. धाकटीची काळजी तिच्या मानगुटीवर बसून तिला चालवायची.

तिच्या मनाने घेतलं, की जगात हजारो पेट्या आहेत, त्यातली एक आपल्या हातात आहे. आपण आकडा चुकवला तर जगाचा हिशेब चुकेल. मग लोक म्हणतील, काही तापत नाहीये, आणि त्याचं पाप आपल्या माथी. म्हणून एकदा वाचलेला आकडा ती परत वाचायला लागली. मग तिसऱ्यांदा. दर वेळी दार उघडायचं, वाकायचं, बघायचं, लावायचं, पुन्हा शंका, पुन्हा उघडायचं. आणि दर वेळी आकडा एका दशांशाने वर. तिला घाम फुटायचा. शेवटचा आकडा तो खात्रीचा, असं धरून ती तो वहीत लिहायची.

घरी मास्तरांचे हाल कुत्रं खात नव्हतं. पंखा एकच, तोही पाहुणा आला तर. गॅस दिवसातून एकदा पेटायचा. रिकामी बाटली फेकायची नाही, आणि जपून ठेवायची तर सात वेळा विसळायची, मग विसळण्यात पाणी वाया गेलं म्हणून रडायचं. सकाळचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय घास नाही. मास्तरांनी पेपर बंद केला, तर शेजाऱ्यांच्या दारात उभी राहून वाचायला लागली. शेजारीण मला म्हणाली, "तुमच्या बहिणीला वाचनाची केवढी आवड हो!"

मास्तर चेष्टा करायचे. "ताई, आमच्याकडे आधी जग वाचतं, मग आम्ही जेवतो." पण त्यांच्या शर्टाची कॉलर सैल झालेली मला दिसत होती.

आणि मला रोज संध्याकाळी सहाला फोन.

"ताई, एकच विचारू?"

"विचार."

"मी दार लावलं असेल ना?"

"अग, तू तिथे, मी इथे. मला काय स्वप्न पडतं?"

"नाही, पण तुला काय वाटतं?"

"लावलंस ग बाई. लावलंस, कडी घातलीस, वही मिटलीस. आता घरी जा."

"नक्की ना?"

"नक्की."

दहा मिनिटांनी पुन्हा घंटी. माझ्या घरातली भाजी करपायची म्हणून मी घाईघाईने 'नक्की' म्हणायचे. सहा वर्षं मी तिला तो 'नक्की' दिला. एखाद्याला रोज थोडी थोडी दारू पाजावी तसा.

मग वेधशाळेत नवे साहेब आले. वयाने आमच्यापेक्षा लहान, बोलणं मोजकं. त्यांनी एक दिवस घरच्या माणसाला घेऊन यायला सांगितलं. मास्तरांच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, आणि मी नुकती निवृत्त झालेली, म्हणून मी गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या पेटीत तापमापकाच्या शेजारी आपोआप चालणारं एक यंत्र होतं. घड्याळासारखी चावी दिलेला डबा आठवड्यात एक फेरी घ्यायचा, त्यावर कागद गुंडाळलेला, आणि शाईचं एक टोक दिवसरात्र त्यावर तापमानाची रेघ ओढत राहायचं. दर सोमवारी कागद बदलायचा आणि जुना गठ्ठ्यात बांधायचा. गठ्ठे वर्षानुवर्षं कपाटात पडून होते. साहेबांनी ते सोडले होते. टेबलावर एकाखाली एक कागद मांडून ठेवले होते.

"ही रेघ बघा, बाई. रोज साडेआठला उंचवटा. रोज साडेपाचला उंचवटा."

धाकटी खुर्चीतून पुढे सरकली. तिच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, सुटका झाल्यासारखा भाव होता. "तेच तर मी म्हणते, साहेब. मला वाटायचं माझं वाचणं चुकतंय. पण मी दर सोमवारी बघते ना, यंत्रसुद्धा तेच सांगतं. वाढतंय."

साहेबांनी पेन्सिलीचं टोक कागदाच्या शेवटच्या भागावर ठेवलं. "हा रविवार."

रविवारी तिची सुटी असायची, तेव्हा दुसरे एक वयस्क निरीक्षक येऊन आकडा घ्यायचे. रविवारची रेघ कशी, तर लहान मुलाने झोपताना सोडलेल्या श्वासासारखी. सकाळी हळूहळू वर, दुपारनंतर हळूहळू खाली. उंचवटा कुठेच नाही.

"रविवारी जग थंड पडतं का, बाई?"

त्यांनी हे चिडून विचारलं नव्हतं. उत्तराची वाटही पाहिली नाही. फक्त विचारलं, "दार उघडं ठेवून किती वेळ उभ्या असता?"

"पाच मिनिटं."

"कागद म्हणतो, अर्धा तास."

तिने उंचवट्यावर बोट ठेवलं. मग त्याच्या खालच्या कागदावरच्या उंचवट्यावर, मग त्याच्या खालच्या. बोट खाली खाली जात राहिलं. मला वाटलं ती मोजतेय. शेवटी म्हणाली, "म्हणजे ही ऊब माझी."

जग तापत नाही असं कुणी यातून काढू नये. तापतंय, आणि ते मोजणारी माणसं खुळी नाहीत. पण त्या एका पेटीतला तो चढ माझ्या बहिणीच्या अंगाचा होता, तिच्या श्वासाचा, तिच्या भीतीचा. जगाचा हिशेब आपल्या हातून चुकू नये म्हणून ती तिथे उभी राहिली आणि उभी राहिली म्हणूनच तो चुकला.

साहेब सरळ माणूस. वर कळवणं भाग होतं, त्यांनी कळवलं. त्या वेधशाळेची नोंद साठ वर्षं अखंड होती. तिच्या त्या सहा वर्षांवर 'ग्राह्य नाही' असा शेरा पडला. नोकरीचं मात्र त्यांनी स्वतःच्या अखत्यारीत ठेवलं. "तीन महिने देतो. दर सोमवारचा कागद मी बघेन. रेघ सरळ झाली तर पेटी तुमच्याकडे. नाही झाली तर आत दप्तरात बसायचं, आवक-जावक बघायची."

"दप्तरात नको, साहेब," ती म्हणाली. तेवढंच बोलली, पण मी तिला आयुष्यात कधी काही इतकं मागताना ऐकलं नव्हतं.

मास्तरांनी डॉक्टरबाई शोधून काढल्या. मनाच्या डॉक्टर. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी, गोळ्या लिहून दिल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"रोज 'नक्की' कोण सांगतं?"

"मी," मी म्हणाले, जरा अभिमानानेच.

"उद्यापासून सांगायचं नाही."

"अहो, ती तळमळते!"

"तळमळू दे. तळमळ वर चढते आणि आपोआप उतरते. तुम्ही दर वेळी ती अर्ध्यातच तोडता, म्हणून ती उतरते हे त्यांना कधी कळतच नाही."

मी तीस वर्षं फळ्याकडे पाठ करून उभी राहिलेली बाई. मला कुणी शिकवलेलं खपत नाही. पण डॉक्टरबाईंचं म्हणणं गणितासारखं बिनतोड होतं.

धाकटीने त्यांना एकच विचारलं होतं. "मी काळजी सोडली, आणि खरंच सगळं जळालं तर?"

"जळेलही. नाहीही जळणार. ते मला माहीत नाही. दार मात्र एकदाच उघडायचं आणि एकदाच लावायचं."

मी धाकटीच्या घरी राहायला गेले. सकाळ-संध्याकाळ तिच्याबरोबर धावपट्टीवर जायचे आणि कुंपणाबाहेर छत्री टेकून उभी राहायचे. पहिल्या दिवशी ती आत गेली, दार उघडलं, वाचलं, लावलं, लिहिलं. चार पावलं आली आणि थांबली. पाय जमिनीत पुरल्यासारखे.

"ताई, सहा होता का आठ?"

मी छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले.

"ताई, अग बोल ना. कडी लागली का? तुला इथून दिसतेय."

दिसत होती. कडी स्वच्छ लागलेली मला दिसत होती.

"दुष्ट आहेस," ती म्हणाली. "लहानपणापासून दुष्टच आहेस. पेपर मला वाचायला लावून पळायचीस."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. ती परत वळली आणि दार उघडलं. सोमवारी कागदावर उंचवटा आला, आणि पुढच्याही सोमवारी आला. साहेबांनी नुसता कागद तिच्याकडे सरकवला.

तिसऱ्या आठवड्यात एकदा ती वळली नाही. चार पावलांवर उभी राहिली, मुठी आवळून, ओठ चावून. मी घड्याळ बघत होते. बावीस मिनिटं. मग खांदे खाली आले. मला म्हणाली, "चल. पाय दुखतात." आणि वाटेत म्हणाली, "उतरते ग. खरंच उतरते."

मला रडू आलं. मी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. 

घरचा अभ्यास मास्तरांकडे होता. संध्याकाळी त्यांनी पेपर मोठ्याने वाचायचा आणि वाईट बातमी ऐन मध्ये, वाक्याच्या मध्येच, मिटायची. मास्तरांनी त्यातही मजा काढली. "कालच्या वादळाने किनाऱ्यावरच्या तब्बल..." एवढं वाचून पेपरची घडी घालायची, तिच्यावरच बसायचं, आणि म्हणायचं, "तब्बल. आजचा खाऊ संपला." ती दात ओठ खायची. हळूहळू हसायला लागली. एका संध्याकाळी ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"अहो, तुम्हाला चष्मा कधी लागला?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "झाली की चार वर्षं."

 मग मास्तरच म्हणाले, "तुला जगाचं बघायचं होतं. मी आपला घरातलाच."

बाराव्या सोमवारी कागदाचे सातही दिवस सारखे आले. साहेबांनी तो कागद तिच्यासमोर ठेवला आणि कुठला वार कुठला ते हाताने झाकून म्हणाले, "सांगा बघू, रविवार कोणता?" तिला सांगता येईना. पेटी तिच्याकडे राहिली.

सात महिने राहिली. मग वरून पत्र आलं. सगळीकडे बसवत होते तसं आपोआप आकडा धाडणारं यंत्र इथेही बसणार, माणसाने वाचण्याची गरज संपली. तिच्या चुकीशी त्याचा संबंध नव्हता. साहेबांनी मला ते दोनदा सांगितलं. ज्यासाठी ती चार पावलांवर रोज जळत उभी राहिली, तेच हातातून गेलं, कुणाचाही दोष नसताना.

शेवटच्या संध्याकाळी मी आणि मास्तर कुंपणाबाहेर होतो. ती आत गेली. श्वास रोखला, वाकली, दार लावलं, लिहिलं. चार पावलांवर थांबली नाही. आमच्याजवळ येऊन म्हणाली, "चला." आम्ही चालायला लागलो. ती पुढे, तिच्या शेजारी मास्तर. मीच मागे वळून कडी बघितली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मग दप्तर. दोन वर्षं तिने आवक-जावक बघितली आणि निवृत्त झाली. आजार गेला नाही. तो जात नाही, डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. तो घरात असतो, त्याला खुर्ची द्यायची नाही. कधी कधी ती द्यायची. एक युद्ध सुरू झालं तेव्हा महिनाभर दिली. मग मास्तर पेपर घेऊन बसायचे आणि 'तब्बल' म्हणून मिटायचे. अशी नऊ वर्षं.

गेल्या वर्षी मास्तर गेले. हृदय. शाळेच्या जुन्या मुलांना भेटून घरी आले, खुर्चीत बसले, चष्मा टेबलावर ठेवला. पेपर अर्धा वाचून पडलेला होता.

आता ती माझ्याकडे असते. आम्ही दोन म्हाताऱ्या, तिला खिडकी उघडी हवी, मला बंद. गेल्या महिन्यात एका दुपारी ती मास्तरांची चष्म्याची डबी घेऊन माझ्यासमोर बसली.

"ताई, त्या सहा वर्षांत तिथे हवा कशी होती ते कुणालाच माहीत नाही. मी रोज तिथे होते, आणि माहीत नाही. आणि घरात काय होतं तेही माहीत नाही." डबी हातात फिरवत म्हणाली, "चष्म्याला त्यांच्याबरोबर कोण गेलं होतं?"

मी गेले होते. मास्तरांना फळ्यावरची स्वतःचीच रेघ दुहेरी दिसायला लागली होती. त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, 'तिला सांगू नका, तिच्या डोक्याला आधीच खूप आहे.' दुकानात त्यांनी चौकटी घालून घालून आरशात बघितल्या आणि मला विचारलं, 'ताई, कुठली बरी दिसते? घरी विचारायची सोय नाही.' ही काळी मी निवडली.

सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा विचारलं, "कोण गेलं होतं ग?" मी पुन्हा सांगितलं, आरशासकट. तिसऱ्या दिवशी तिने तोंड उघडलं तेव्हा माझ्या मनात आलं, हा प्रश्न तिचा, का आजाराचा? डॉक्टरबाईंना विचारायला हवं होतं, पण त्याही आता नाहीत इथे. माझ्या गणितात ते बसेना. विधवा बाईने नवऱ्याबद्दल तेच तेच विचारावं, याला कुणी आजार म्हणेल का? आणि नाही म्हणावं, तर मी पुन्हा रोज 'नक्की' देत बसले आहे का?

माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. ती म्हणाली, "राहू दे. नको सांगूस."

तिने डबी उघडली, चष्म्याकडे बघितलं, डबी मिटली. उठली, दारापर्यंत गेली. थांबली. मी खिडकीकडे बघत राहिले, मी तिच्याकडे बघत नाही हे तिला दिसेल असं. ती परत आली आणि डबी उघडली.

"काळीच आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "काळी. तुला आवडली असती का ते त्यांनी तीनदा विचारलं होतं."